साक्षीदाराला ‘मेन्दाक्स’ म्हणण्याआधी

अमळनेरच्या कोर्टात माझ्याकडे शिकायला येणाऱ्या ज्युनिअर वकिलांच्या लेखी युक्तिवादात एक लॅटिन वाक्य हमखास असतं: फल्सुस इन ऊनो, फल्सुस इन ओम्निबुस. एका बाबतीत खोटा, तो सगळ्याच बाबतींत खोटा. वाक्य ऐकायला भारदस्त आहे, पण आपल्याकडे तो कायद्याचा नियम नाही. निसार अली विरुद्ध उत्तर प्रदेश राज्य या 1957 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितलं आहे की ही फार तर सावधगिरीची सूचना. साक्षीतलं खरं कोणतं आणि खोटं कोणतं, हे कोर्टाला निवडावंच लागतं.

आता त्या वाक्याच्या जोडीला आणखी एक शब्द दिसू लागला आहे: तेस्तिस मेन्दाक्स, म्हणजे खोटारडा साक्षीदार. शब्द जुना आहे, देखणा आहे, मला तो मनापासून आवडतो. पण फल्सुस आणि मेन्दाक्स हे एका माळेचे मणी नाहीत. एकाच्या जागी दुसरा बसवला की युक्तिवादाचा अर्थच बदलतो, आणि एखाद्या माणसावर आपण सिद्ध न केलेला आरोप होऊन बसतो. म्हणून हा शब्द कसा चालवायचा, कुठे लावायचा आणि कुठे हात आखडता घ्यायचा, ते सविस्तर सांगते. लॅटिन शिकलेलं नसलं तरी अडणार नाही. शाळेत संस्कृतच्या विभक्ती पाठ केल्या असतील तर वाट बरीच सोपी होईल.

आधी उच्चार. इंग्रजी वळणाने आपण ‘मेंडॅक्स’ म्हणतो. रोमन उच्चारात मात्र द दंत्य आहे, आपल्या ‘दगडा’तला, त्यानंतरचा आ दीर्घ आहे, आणि पुढच्या रूपांतही क हा क च राहतो, म्हणून मेन्दाकिस, ‘मेंडेसिस’ नाही. चर्चच्या लॅटिनमध्ये त्याचा मेन्दाचिस होतो, तोही चुकीचा नाही, फक्त एका लेखात दोन्ही मिसळू नका. देवनागरीत लिहिण्याचा एक फायदा असा की अ-आ, इ-ई, उ-ऊ यांतला ऱ्हस्वदीर्घ फरक डोळ्यांना दिसतो, आणि लॅटिनमध्ये तो महत्त्वाचा आहे.

आता शब्दाची घडण. शेवटचा -आक्स हा प्रत्यय नीट समजून घ्या, कारण सगळी गोम त्यातच आहे. एदाक्स म्हणजे खादाड, लोक्वाक्स म्हणजे बडबड्या, तेनाक्स म्हणजे धरलं ते न सोडणारा, चिवट. एकदा जेवला म्हणून कुणी एदाक्स होत नाही. हा प्रत्यय सवय सांगतो, स्वभाव सांगतो, ओढा सांगतो. मराठीत हा फरक आपण रोज करतो. जबाब खोटा असतो, दस्त खोटा असतो, नाणं खोटं असतं. खोटारडा मात्र माणूसच असतो, आणि एकदा खोटं बोलला म्हणून त्याला गाव खोटारडा म्हणत नाही. आमच्या खानदेशातल्या अहिराणी बोलीत ‘लबाड बोलस’ म्हटलं तर ते त्या वेळच्या बोलण्याबद्दल झालं. ‘तो लबाड शे’ म्हटलं की शिक्का माणसावर बसला. पहिल्यासाठी लॅटिनमध्ये क्रियापद आहे: मेन्तीतुर, तो खोटं बोलतो आहे. दुसऱ्यासाठी विशेषण: मेन्दाक्स एस्त.

मुळात मेन्दाक्सचं नातं मेन्दुम या नामाशी. मेन्दुम म्हणजे दोष, व्यंग, लिखाणातली चूक. त्यावरूनच मेन्दोसुस म्हणजे सदोष. क्रियापद मेन्तीरी मात्र मेन्स, म्हणजे मन, या शब्दाच्या घरातलं. कानाला दोन्ही जवळचे वाटल्यामुळे मेन्दाक्स हळूहळू या क्रियापदाच्या अर्थाकडे ओढला गेला आणि ‘सदोष’चा ‘खोटं बोलणारा’ झाला.

रूपं एकदाच नीट पाठ करून टाका. हे तृतीय गणातलं, एकाच प्रथमारूपाचं विशेषण आहे: पुल्लिंग, स्त्रीलिंग, नपुंसकलिंग, तिन्हींत प्रथमेचं एकवचन मेन्दाक्सच. मराठीत खोटारडा, खोटारडी, खोटारडं असं बदलावं लागतं, इथे नाही. षष्ठी मेन्दाकिस, चतुर्थी मेन्दाकी, द्वितीया मेन्दाकेम (नपुंसकात मेन्दाक्स), पंचमी पुन्हा मेन्दाकी. अनेकवचनात प्रथमा आणि द्वितीया मेन्दाकेस, नपुंसकात मेन्दाकिआ, षष्ठी मेन्दाकिउम, चतुर्थी-पंचमी मेन्दाकिबुस. तुलना करायची तर मेन्दाकिओर, अधिक खोटारडा. मेन्दाकिस्सिमुस, सगळ्यांत खोटारडा.

यात एक खड्डा आहे आणि तो प्रत्येकाला लागतो. मेन्दाकिउम हे विशेषणाचं षष्ठीचं अनेकवचन, म्हणजे ‘खोटारड्यांचं’. आणि हुबेहूब तसंच दिसणारं नाम मेन्दाकिउम म्हणजे ‘खोटं विधान’. मेन्दाकिआचंही तेच: ‘खोटारड्या गोष्टी’ की ‘खोटी विधानं’, हे रूपावरून कळत नाही. शेजारी दुसरं नाम आहे का ते बघा. नाम असेल आणि विभक्ती जुळत असेल तर विशेषण. एकटंच उभं असेल तर बहुतेक वेळा ते नाम.

विभक्ती वाक्यात कशी काम करते, हे पाहायला रोमन वक्ता सिसेरोचं एक वाक्य पुरेसं आहे. शकुन आणि स्वप्नं यांवरच्या त्याच्या ग्रंथाच्या दुसऱ्या भागात ते येतं: मेन्दाकी होमिनी ने वेरुम क्विदेम दीकेन्ती क्रेदेरे सोलेआमुस. खोटारडा माणूस खरं बोलत असला तरी त्याच्यावर विश्वास ठेवायची आपली रीत नाही. मराठीत विश्वास ‘वर’ ठेवतात. लॅटिनमध्ये क्रेदेरे या क्रियापदाला चतुर्थी लागते. होमिनी चतुर्थी, म्हणून मेन्दाकी चतुर्थी, म्हणून दीकेन्तीही चतुर्थी. तिघं एकाच माणसाबद्दल बोलतात हे शेवटच्या ईकारावरून कळतं.

पण मी हे वाक्य ज्युनिअरना पाठ करायला लावते ते व्याकरणासाठी नाही. सिसेरो तिथे स्वप्नांबद्दल बोलतो आहे. एवढी असंख्य स्वप्नं खोटी ठरतात, मग एखादं खरं निघालं की लोक त्या एकावरून बाकीच्यांना खरं का मानतात, असा त्याचा सवाल आहे. म्हणजे तो अनेक खोट्यांवरून एकाकडे येतो. आपलं कोर्टातलं ‘फल्सुस इन ऊनो’ उलट्या दिशेने जातं: एका खोट्यावरून सगळ्यांकडे. मेन्दाक्स हा शब्द पहिल्या वाटेवरचा आहे. त्याला आधी इतिहास लागतो. साक्षीदाराच्या खोटेपणाची मालिका तुमच्याकडे नसेल तर हा शब्द कागदावर उतरवू नका.

याहून बारीक फरक निगिदिउस फिगुलुस या सिसेरोच्या समकालीन विद्वानाने केला आहे. रोमन लेखक आउलुस गेल्लिउसने तो आपल्या टिपणांत, अकराव्या पुस्तकाच्या अकराव्या प्रकरणात, जपून ठेवला. मेन्दाकिउम दीकेरे, म्हणजे खोटं विधान करणं, आणि मेन्तीरी, म्हणजे खोटं बोलणं, यांत अंतर आहे. जो मेन्तीरी करतो तो स्वतः फसलेला नसतो, दुसऱ्याला फसवू पाहतो. जो मेन्दाकिउम सांगतो तो स्वतःच फसलेला असतो. पुढे निगिदिउस म्हणतो की मेन्तीरी घडू न देणं हे सज्जनाचं काम, आणि मेन्दाकिउम तोंडून जाऊ न देणं हे विचारी माणसाचं काम.

आमच्याकडच्या बांधाच्या भांडणात हा फरक रोज भेटतो. समजा, साक्षीदार सरतपासणीत सांगतो की आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आदल्या दिवशी प्रतिवादीने बांध कोरला. उलटतपासणीत निघतं की त्या दिवशी हा माणूस मुलीला आखाजीसाठी माहेरी आणायला शिरपूरला गेला होता, वावरात नव्हताच. आता दोन शक्यता. त्याने बांध कोरताना खरंच पाहिलं, पण दिवस आखाजीनंतरचा होता आणि डोक्यात सणाशी घोळ झाला. खेड्यात तारीख लक्षात राहत नाही, सण राहतो, आणि सणाच्या मागेपुढे चार-आठ दिवस सरकतात. हे मेन्दाकिउम दीकेरे. किंवा त्याने काहीच पाहिलं नाही आणि कुणीतरी पढवलेलं बोलला. हे मेन्तीरी. दोन्हींत विधान खोटंच, फल्सुमच. पण पहिल्याला खोटारडा म्हणणं अन्याय आहे, आणि दुसऱ्यालाही एवढ्या एका विधानावरून मेन्दाक्स म्हणता येत नाही. मेन्तीतुर म्हणता येतं. त्याने पोलिसांपुढे एक, तलाठ्यापुढे दुसरं आणि कोर्टात तिसरं सांगितलं असेल, प्रत्येक वेळी ते त्याच्याच फायद्याचं असेल, तेव्हा कुठे मेन्दाक्सची जागा तयार होते. 1 जुलै 2024 पासून जुन्या पुरावा कायद्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम, 2023 आला, तरी पूर्वीच्या विसंगत जबाबावरून साक्षीदाराची विश्वासार्हता मोडून काढण्याची वाट तशीच उघडी आहे. त्या वाटेने आधी चाला, विशेषण नंतर.

द्वितीयेची दोन उदाहरणं झटपट पाहू. रोमन शिक्षक क्विन्तिलिआनुसने वक्तृत्वावरच्या ग्रंथाच्या चौथ्या पुस्तकात लोकांच्या तोंडची म्हण दिली आहे: मेन्दाकेम मेमोरेम एस्से ओपोर्तेरे. खोटारड्याची स्मरणशक्ती चांगली असावी लागते. इथे मेन्दाकेम एकटाच उभा आहे, नाम नाही, म्हणून ‘खोटारडा माणूस’ असा अर्थ आपोआप येतो. दुसरं रोमन कवी वेर्गिलिउसच्या (व्हर्जिलच्या) महाकाव्यातलं, दुसऱ्या सर्गातलं. लाकडी घोडा त्रॉयमध्ये नेववणारा ग्रीक सिनोन शत्रूपुढे उभा राहून म्हणतो की नशिबाने मला दुर्दैवी केलं असेल, पण ते मला वानुम एतिअम मेन्दाकेम्क्वे, फोल आणि खोटारडाही, करू शकणार नाही. कर्म सिनोन, म्हणून विशेषण द्वितीयेत. आणि बोलणारा हाडाचा खोटारडा! न विचारताच ‘साहेब, मी खोटं बोलणारा माणूस नाही’ अशी सुरुवात करणारा साक्षीदार समोर आला की मला सिनोन आठवतो, आणि मी उलटतपासणीचे प्रश्न वाढवते.

एरवी निर्जीव वस्तूला मेन्दाक्स म्हणावं का? दस्त बनावट असेल तर फल्सुस. वजन-माप खोटं असेल तर फल्सुस. देखावा फसवा असेल तर फल्लाक्स. फल्लाक्स फसवतो, पण त्यासाठी त्याला बोलावं लागत नाही. मेन्दाक्स त्या गोष्टीला लावा जी काही सांगते किंवा आशा लावते. रोमन कवी होरातिउसने (होरेसने) पत्रकाव्यात खोट्या बदनामीला मेन्दाक्स म्हटलं आहे, कारण बदनामी बोलते. आणि त्याच्याच गीतांत, तिसऱ्या पुस्तकाच्या पहिल्या गीतात, फुन्दुस मेन्दाक्स आहे: खोटारडं वावर.

या दोन शब्दांपाशी मला थांबावंच लागतं. माझं माहेर रावेर तालुक्यातलं, केळीचं. होरातिउस म्हणतो की ज्याला पुरेल एवढंच हवं, त्याला खवळलेला समुद्र छळत नाही, गारांनी झोडपलेले द्राक्षमळे छळत नाहीत आणि खोटारडं वावरही नाही. त्या वावरातलं झाड कधी पाण्याला दोष देतं, कधी शेतं भाजून काढणाऱ्या ताऱ्यांना, कधी जुलमी हिवाळ्याला. रावेर-यावलच्या माणसाला यातला एकही शब्द समजावून सांगावा लागत नाही. हिवाळा कडक पडला की केळीची निसवण, म्हणजे घड बाहेर येणं, लांबते. उन्हाळ्यात गरम वाऱ्याने पानं करपतात. आणि घड भरले, व्यापाऱ्याशी बोलणं झालं, आता कापणी लावायची, अशा वेळी वादळ येतं आणि तासाभरात सगळी बाग आडवी होते. गारा पडल्या तर उभ्या राहिलेल्या झाडांच्या घडांवर डाग, आणि डागी मालाला भाव नाही. दारातून दिसणारी हिरवीगार बाग कर्जाचे हप्ते, पोरीचं लग्न, घराचा स्लॅब, सगळ्याचं वचन देत असते. ते वचन मोडतं तेव्हा आमच्याकडे वावराने दगा दिला म्हणतात. ओसाड माळाला कुणी मेन्दाक्स म्हणणार नाही, कारण त्याने कधी काही कबूलच केलेलं नसतं.

(शास्त्रीय नावांतही हा शब्द सापडेल. ब्लूबेरीच्या एका फळमाशीला कुरन या कीटकशास्त्रज्ञाने 1932 मध्ये रॅगोलेटिस मेंडॅक्स हे नाव दिलं. सफरचंदावरच्या तिच्या बहिणीपासून ती वेगळी ओळखणं फार अवघड.)

आता मी सांगितलेल्या नियमाला छेद देणारं एक उदाहरण, कारण ते टाळणं बरं नाही. स्प्लेन्दिदे मेन्दाक्स हा सगळ्यांत प्रसिद्ध प्रयोग, पुन्हा होरातिउसचाच, तिसऱ्या पुस्तकाच्या अकराव्या गीतातला. दानाउस राजाने आपल्या पन्नास मुलींना आज्ञा केली की लग्नाच्या रात्री नवऱ्यांना मारून टाका. एकोणपन्नास जणींनी मारलं. हिपेर्मेस्त्राने आपल्या नवऱ्याला, लिन्केउसला, जागं करून पळवून लावलं. बापाला दिलेला शब्द तिने मोडला, म्हणून कवी तिला बापाशी स्प्लेन्दिदे मेन्दाक्स म्हणतो: दिमाखात, उजळ माथ्याने खोटी. इथे सवय कुठे आहे? एकच खोटं, तेही एका रात्रीचं. कवीने मुद्दाम तिच्यावर स्वभावाचा शिक्का मारला आणि लगेच एका क्रियाविशेषणाने त्याचा दागिना केला. शब्दाचं वजन माहीत असल्याशिवाय असं करता येत नाही. व्याकरणाच्या दृष्टीने दोन गोष्टी टिपून ठेवा: स्प्लेन्दिदे हे क्रियाविशेषण असून ते विशेषणाला लागलं आहे, आणि ‘बापाशी’ यासाठी इन आणि द्वितीया, इन परेन्तेम, असा प्रयोग आहे. स्वतःशीच खोटं बोलायचं असेल तर चतुर्थी. रोमन कवी ओविदिउसच्या एका काव्यपत्रात फिल्लिस सोडून गेलेल्या प्रियकराला लिहिते, सायपे फुई मेन्दाक्स प्रो ते मिहि: तुझ्या बाजूने मी कितीदा माझ्याशीच खोटं बोलले. इथे सायपे, म्हणजे वारंवार, शब्दातच आहे, आणि मेन्दाक्स आपल्या हक्काच्या जागी आहे.

बायबलच्या लॅटिन भाषांतरातले प्रयोगही ठाऊक असू द्या. ओम्निस होमो मेन्दाक्स, प्रत्येक माणूस खोटा, हे स्तोत्रातलं. इथे क्रियापद गाळलेलं आहे आणि ते चालतं. विरुद्धार्थी शब्द पौलाच्या रोमकरांस पत्रात मिळतो, वेराक्स, सत्य बोलणारा, आणि त्यालाही तोच -आक्स. नीतिसूत्रांत तेस्तिस फल्सुस आणि तेस्तिस मेन्दाक्स दोन्ही येतात, जवळजवळ एकाच अर्थाने. तेव्हा कुणी त्या आधारावर दोन्ही शब्द सारखेच आहेत असं म्हटलं, तर त्याला पुरावा नाही असं नाही. माझं मत तरीही ठाम आहे: भाषांतरात मूळ भाषेचा जोर असतो, आणि कोर्टात आपल्याला त्यापेक्षा काटेकोर राहायला हवं.

अमळनेरात 1916 पासूनचं तत्त्वज्ञान मंदिर, म्हणजे तत्त्वज्ञानाच्या अभ्यासाची संस्था, आहे, त्यामुळे इथे खोटारड्याचं कोडं कुणी ना कुणी काढतंच. क्रेतेन्सेस सेम्पेर मेन्दाकेस, क्रीट बेटावरचे लोक नेहमीच खोटारडे, हे बायबलमधल्या तीताला लिहिलेल्या पत्रातलं वाक्य क्रीटच्याच एका माणसाच्या तोंडी आहे. मग तो खरं बोलतो की खोटं? पण मेन्दाक्स या विशेषणाने हे कोडं घट्ट बसत नाही. खोटारडा माणूस अधूनमधून खरंही बोलतोच, म्हणून तर वाक्यात सेम्पेर, ‘नेहमी’, घालावं लागलं. खरं कोडं हवं असेल तर क्रियापद घ्या: मेन्तिओर, मी आत्ता खोटं बोलतो आहे. सिसेरोनेही ते मांडताना मेन्तीरीच वापरलं.

लिहिताना काय करायचं? तालुक्याच्या कोर्टाचं काम मराठीत चालतं, तिथे मराठीच लिहा: ‘साक्षीदाराचं आखाजीच्या दिवसाबाबतचं विधान चुकीचं आहे’, किंवा ‘हे विधान त्याने जाणूनबुजून खोटं केलं आहे’, यांपैकी जे सिद्ध होतं तेवढंच. वर अपिलात लॅटिन वापरावंसं वाटलं तर एका विधानासाठी फल्सुम, जाणूनबुजून केलेल्या एका खोट्यासाठी मेन्तीतुर, आणि तीन जबाब शेजारी शेजारी मांडून झाल्यावर, त्यांच्या तारखा आणि निशाणी क्रमांक देऊन झाल्यावरच, तेस्तिस मेन्दाक्स. विशेषण नामाच्या मागे ठेवा. साक्षीदार बाई असली तरी रूप हेच, आणि दोन-तीन साक्षीदार असतील तर तेस्तेस मेन्दाकेस.